पंख्यावरचं नाव

पैसे देणे या एका साध्या क्रियेला मराठीत किती शब्द आहेत, याची मोजदाद मी एकदा कॅश काउंटरवर बसल्या बसल्या केली. महिन्याची सत्तावीस तारीख होती. म्हणजे लोकांच्या खात्यात पैसे नव्हते आणि माझ्यासमोर रांग नव्हती. दान, दक्षिणा, देणगी, वर्गणी, आहेर, ओवाळणी, बक्षिसी, चिरीमिरी, हप्ता असं करत करत मी स्लिपच्या पाठीवर बावीस शब्दांपर्यंत पोचलो. तेवढ्यात एक आजी पेन्शन जमा झाली का विचारायला आल्या आणि तेविसावा शब्द राहून गेला.

गंमत अशी की नोट तीच असते. पाचशेची नोट अंबाबाईच्या पेटीत पडली की दान, भटजींच्या ताटात पडली की दक्षिणा, लग्नाच्या पाकिटात गेली की आहेर आणि तालमीच्या पोरांनी दारात येऊन नेली की वर्गणी. नोटेवर गव्हर्नरची सही तीच, गांधीजींचं हसूही तेच. बदलतो तो देणाऱ्याचा चेहरा. वीस वर्षं काचेमागे बसून मी चेहरे वाचायला शिकलो आहे. माणूस पैसे काढताना जितका ओळखता येतो, तितका भरताना ओळखता येत नाही हे खरं. पण भरताना तो ‘पावती द्या’ हे ज्या आवाजात म्हणतो, त्यावरून बराचसा उमगतो.

शाळेला दिलेल्या पैशांसाठी मात्र आपल्याकडे खास दोन शब्द आहेत. देणगी आणि डोनेशन. शब्दकोश काढून बघाल तर दोन्ही एकच. पण पालक शब्दकोश बघत नाही. ‘देणगी’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर फेटा बांधलेला, मिशीवाला, भिंतीवरच्या फोटोतला एक दानशूर गृहस्थ येतो. ‘डोनेशन’ म्हटलं की त्याचा हात आपोआप पँटच्या मागच्या खिशाकडे जातो.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या कन्येची शाळा. शाळेचं नाव सांगत नाही. कन्येला अजून तिथं तीन वर्षं काढायची आहेत.

गेल्या जूनमध्ये शाळेत पालकसभा भरली. सभेला जाताना सौ.नं मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, यावरूनच मला काहीतरी वाकडं घडणार असा संशय आला होता. चहा चांगला होता. बिस्किटं क्रीमची होती. बँकेत क्रीमची बिस्किटं फक्त ऑडिटर आल्यावर येतात, त्यामुळे माझा संशय पक्का झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्यावर नव्या प्रयोगशाळेचं चित्र दाखवलं. मग प्रत्येकाच्या हातात एकेक गुळगुळीत फॉर्म आला. वर लिहिलं होतं ‘ऐच्छिक देणगी’. खाली चौकोन होते : दहा हजार, पंचवीस हजार, पन्नास हजार, एक लाख. सगळ्यात शेवटी, गरीब नातेवाइकाला पंगतीच्या टोकाला बसवावं तसा एक चौकोन होता : ‘इतर’.

“कुणावरही सक्ती नाही,” बाई फार गोड आवाजात म्हणाल्या. “फक्त शंभर टक्के पालकांचा सहभाग असावा, एवढीच शाळेची इच्छा आहे.”

ऐच्छिक या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. देण्यामागं इच्छा असावी लागते. ती कुणाची असावी हे त्या शब्दात कुठं सांगितलंय?

मी कॉमर्सचा पदवीधर. मला राहवलं नाही. मी हात वर करून विचारलं, “मॅडम, ही रक्कम फीमध्येच का धरत नाही?” सभेत एकदम शांतता पसरली. शेजारच्या खुर्चीवरच्या सौ.नं माझ्या पायावर पाय दिला. बाई हसल्या. “फी वेगळी आणि आपुलकी वेगळी ना, सर!” सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आपुलकी नावाचं खातंच माझ्या खतावणीत नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदे आहेत. आपल्या राज्यात कॅपिटेशन फीला बंदी घालणारा १९८७चा कायदा आहे. देशात २००९चा शिक्षणहक्क कायदा आहे. त्यात तर जाहीर केलेल्या फीखेरीज घेतलेली देणगी, वर्गणी किंवा कुठलीही रक्कम कॅपिटेशन फी ठरते आणि प्रवेश देताना ती घेतली तर दहा पटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण आमची कन्या आधीच आत होती. त्यामुळे कायदा बिचारा प्रवेशद्वाराशी उभा राहिला आणि आम्ही आत क्रीमची बिस्किटं खात होतो.

घरी आल्यावर आमच्यात जो संवाद झाला, तो थोडक्यात असा :

“पंचवीस हजारांवर खूण करा.”

“का?”

“समोरच्या वहिनींनी केलीय.”

“त्यांचे मिस्टर कंत्राटदार आहेत. मी क्लार्क आहे.”

“पोरगीला वर्गात काय वाटेल?”

या शेवटच्या वाक्याला जगातल्या कुठल्याही बापाकडे उत्तर नाही. लक्षात घ्या, प्रयोगशाळा, विज्ञान, देशाचं भवितव्य यांतला एकही शब्द आमच्या बोलण्यात आला नाही. समोरच्या वहिनी मात्र आल्या.

दुसऱ्या दिवशी बँकेत मी हा प्रश्न आमच्या हेडकॅशियरसमोर ठेवला. ते निवृत्तीला आले आहेत आणि आयुष्यात त्यांनी एकही नोट जास्त दिलेली नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी फॉर्म हातात घेतला, नकली नोट बघावी तसा उजेडात धरला आणि म्हणाले, “ही देणगी न्हवं.”

“कशावरून?”

“शेवटी एक रुपाया कुठाय? देणगी एकशे एक असती, पाचशे एक असती, अकरा हजार एक असती. आकड्याच्या बुडाला नुसती शून्यं असली की ती फी समजायची, भावा.”

मी थक्क झालो. तीन वर्षांच्या बी. कॉम.मध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं. बघा, पाचशे ही किंमत असू शकते. पाचशे एक ही कशाचीच किंमत नसते. तो वरचा रुपया कुठल्याही वस्तूसाठी दिलेला नसतो. हिशेब संपल्यावर जे हातातून सुटतं, ते त्या एका रुपयात असतं. दानाचं सगळं तत्त्वज्ञान आपल्या आज्यापणज्यांनी त्या रुपयात बांधून ठेवलं आणि आपण तो राउंड ऑफ करून टाकला.

मग मी गंभीरपणे विचार करू लागलो. जमाखर्चाचा पहिला नियम असा की प्रत्येक नावेला जमा असते. मी शाळेला पंचवीस हजार दिले, माझ्या नावे पडले. त्याबदली काय जमा झालं? मुलीला प्रयोगशाळा मिळाली. म्हणजे ही खरेदी. बरं, मुलीला प्रयोगशाळा मिळण्याआधीच ती दहावी होऊन बाहेर पडली, तर पुढच्या मुलांना मिळेल. म्हणजे थोडं दान. पण ती पुढची मुलं कोण? ज्यांचे आईबाप हीच फी भरू शकतात ती. म्हणजे मी देणार ते दान शाळेच्या कंपाउंडच्या आत फिरणार आणि आतच राहणार. कंपाउंडच्या बाहेर भेळेची गाडी लावणाऱ्याचं पोरगं त्या प्रयोगशाळेच्या काचेला बाहेरून नाक लावील, तेवढाच त्याचा लाभ.

एवढ्यावर मी स्वतःला फार मोठा विचारवंत समजू लागलो होतो. पण बाईंची बाजूही होतीच. त्यांच्या शाळेला सरकारचा एक पैसा मिळत नाही. मास्तरांचे पगार, विजेचं बिल, बागेतला माळी, सगळं फीतून. फी वाढवली तर पालक मोर्चा आणतात. न वाढवता देणगी मागितली तर निदान क्रीमची बिस्किटं खाऊन घरी जातात. न्यू जर्सीत माझा एक मावसभाऊ आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “आमच्याकडे खाजगी शाळांत दरवर्षीच असतं हे. शाळा प्रत्येक घराला पत्र लिहिते की फीतून खर्च भागत नाही, यथाशक्ती द्या. वर किती टक्के घरांनी दिलं ते छापते.” मी विचारलं, “किती टक्के असावं असं शाळेचं म्हणणं असतं?” तो म्हणाला, “शंभर.” जग किती जवळ आलंय!

त्या रात्री मला झोप आली नाही. पंखा फिरत होता. त्याच्याकडे बघता बघता मला आमच्या शाळेतला पंखा आठवला.

आमची शाळा पेठेतली, अनुदानित, मराठी माध्यमाची. वर्गात पासष्ट मुलं आणि एक पंखा. त्या पंख्याच्या तीन पात्यांवर लाल रंगात नाव रंगवलं होतं. पहिल्या पात्यावर ‘कै.’ आणि नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर ‘यांचे स्मरणार्थ’. तेव्हा शाळेतली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असे. घंटा, घड्याळ, पाण्याची टाकी, नकाशा ठेवायचं कपाट. मास्तरांची छडी तेवढी कुणाच्या स्मरणार्थ नव्हती, पण आमच्या स्मरणात राहिली.

त्या पंख्याची खोड अशी की तो सुरू असला की नाव दिसत नसे. नुसतं एक लालसर वर्तुळ दिसे आणि वारं लागे. वीज गेली की पंखा हळूहळू थांबे, नाव स्पष्ट वाचता येई आणि आम्ही घामानं निथळत असू. म्हणजे देणाऱ्याचं नाव वाचायची सवड आम्हांला नेमकी वारं नसताना मिळे. शाळा सुटेपर्यंत आम्हांला हे फक्त गमतीचं वाटायचं.

१९९६ साली मी दहावीत होतो. वडील उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते. त्या हिवाळ्यात फाउंड्रीला काम नव्हतं आणि घरात बोलणं कमी झालं होतं. बोर्डाच्या परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख जवळ आली. रक्कम आज सांगितली तर तुम्ही हसाल; आज तेवढ्यात घरच्यांना घेऊन मिसळही खाता यायची नाही. पण तेव्हा ती नव्हती. नसलेल्या पैशाला लहानमोठा आकडा नसतो. मी घरी सांगितलंच नाही. वर्गात ज्यांची फी यायची होती त्यांची नावं फळ्यावर लिहिलेली असत. यादी रोज एकेक नावानं कमी होत गेली आणि शेवटी फळ्यावर मी एकटा उरलो. शेवटच्या दिवशी वर्गशिक्षकांनी मला कार्यालयात बोलावलं आणि हातात एक पावती दिली. माझ्या नावाची. फी भरल्याची.

“सर, कुणी भरली?”

“ते विचारायचं नाही. अभ्यासाला लाग.”

बस्स. एवढंच. आजतागायत मला ठाऊक नाही की ती फी कुणी भरली.

पण त्या पावतीनं माझी जी अवस्था केली ती ऐका. मला प्रत्येकाचा संशय येऊ लागला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकानदार होता, एरवी मोठा खवीस माणूस. एकदा त्यानं मला ‘अभ्यास चाललाय ना?’ असं विचारलं. झालं! यानंच भरली असणार. मी त्याला नमस्कार घालू लागलो. मग वाटलं, तालमीचे वस्ताद असतील. त्यांना नमस्कार. शाळेतला शिपाई माझ्याकडे बघून हसला, त्याला नमस्कार. वर्गशिक्षकांना तर दिवसातून तीनदा. आमच्या शेजारच्या मावशी पापड लाटून घर चालवायच्या, त्यांच्याकडून तर शक्यच नव्हतं. पण शक्य नसलेल्या माणसांनीच अशी कामं केल्याचं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून त्यांनाही नमस्कार, शिवाय पाण्याच्या दोन घागरी. पुढची चार-पाच वर्षं मी अख्ख्या पेठेशी अदबीनं वागत होतो. आई म्हणायची, पोराला वळण लागलं. वळण कसलं, उधारी होती ती. सावकाराचा पत्ता ठाऊक नव्हता म्हणून गावभर फेडत होतो.

नाव सांगितलं असतं तर? तर मी त्या एका माणसाचा मिंधा झालो असतो, त्याला दिवाळीला भेटून पाया पडलो असतो आणि बाकीच्या पेठेला मोकळा झालो असतो. कदाचित त्याच्या नजरेला नजर द्यायला लाजून दुसऱ्या गल्लीनंही गेलो असतो. उपकार करणाऱ्याला आपण फार काळ माफ करू शकत नाही, हे मी बँकेतल्या जामीनदारांकडे बघून सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, मग नाव लावणं वाईटच. तसंही नाही. इथं मोठी माणसंही एका मताची नव्हती. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. अण्णांनी ते आनंदानं लावलं. त्या नावाखाली आजवर किती मुली शिकल्या! उलट भाऊराव पाटलांची गोष्ट सांगतात. साताऱ्यात त्यांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेव्हा एक धनिक मोठी रक्कम घेऊन आला. अट एकच, कॉलेजचं नाव बदलायचं. भाऊराव म्हणाले म्हणे, एक वेळ बापाचं नाव बदलीन, पण हे बदलणार नाही. आता सांगा, यांतलं बरोबर कोण? मला वाटतं, दोघंही. एकाला आपल्या मुलींपेक्षा पाटीवरचं नाव मोठं वाटलं नाही. दुसऱ्याला नावाची किंमत मोजून घेणं म्हणजे काहीतरी विकणं वाटलं. दोघांनाही स्वतःचं नाव मात्र कुठंच लावायचं नव्हतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

भाऊराव आपल्याच जिल्ह्यातले, १८८७ साली कुंभोजला जन्मलेले. त्यांच्या संस्थेला पैसे कुणी दिले म्हणाल, तर मोठ्या देणगीदारांबरोबर गावोगावच्या बायकांनी दिले. मुष्टिफंड. रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य वेगळं काढून ठेवायचं, ते शाळेचं. मूठ! तिला ना चेकबुक, ना चौकोन. जिच्या घरात पोतं होतं तिचीही मूठ आणि जिच्या घरात शेर होता तिचीही मूठ. हाताचा आकार सगळ्यांचा सारखाच असल्यामुळे समोरच्या वहिनींचा प्रश्न तिथं आलाच नाही. आणि बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडायला काढून दिलं. त्यांनी कुठल्या चौकोनात खूण केली असेल? बहुधा ‘इतर’मध्ये.

आणि कोल्हापुरात राहून शाहू महाराजांचं नाव न घेता शिक्षणावर बोलणं म्हणजे रंकाळ्यावर जाऊन पाणी न बघता परत येणं. कधीतरी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून सभोवार बघावं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगनं जी सुरुवात झाली, ती पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क अशी वाढत गेली. दरबारनं जागा दिल्या, मदत दिली. लोकांनीही पदरचं घातलं. बोर्डिंगं समाजवार होती, म्हणजे भिंती तेव्हाही होत्या. पण भिंतीच्या आत आपलंच पोरगं असलं पाहिजे असा देणाऱ्याचा आग्रह नव्हता. कुठल्या तरी खेड्यातलं, तोंड न पाहिलेलं पोर त्यांच्या भाकरीवर शिकत होतं. भाऊरावांनी पुढं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवून तीही भिंत काढली.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. हे वाचून मला नेहमी गंमत वाटते. तेव्हा पोराला शाळेत घातलं नाही तर पैसे भरावे लागत. आता घातलं की भरावे लागतात. रुपया तोच, फक्त बाजू बदलून बसलाय.

असो. पहाटेपर्यंत माझं काहीतरी ठरलं. सकाळी मी फॉर्म काढला, ‘इतर’पुढच्या चौकोनात खूण केली आणि पाच हजार लिहिले. एक रुपया वर लिहिला नाही. ही फी आहे, हे मला ठाऊक असलेलं बरं. फी देण्यात पाप नाही. मुलीच्या पायाखाली चांगली फरशी असावी म्हणून बापानं पैसे मोजणं हे बापाचं कामच आहे. फक्त ते पुण्याच्या खात्यावर टाकू नये. चुकीच्या खात्याला जमा केलेली रक्कम आम्ही बँकेत सस्पेन्समध्ये ठेवतो. चित्रगुप्तही तेच करत असणार.

सौ. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मौन सोडलं. समोरच्या वहिनींनी पंचवीसवर खूण केली होती खरी, पण चेक अजून दिला नव्हता.

आणि मग एका शनिवारी, बँकेला सुट्टी असलेला दुसरा शनिवार होता, मी पेठेतल्या माझ्या शाळेत गेलो. तीस वर्षांनी. पंखा बदललेला होता. शिक्षकांचे पगार सरकार देतं, पण वेतनेतर अनुदान हा शब्द अशा शाळांच्या कार्यालयात उसासा टाकल्याशिवाय उच्चारला जात नाही. खडू, झाडू, विजेचं बिल यांच्या गोष्टी ऐकत मी खुर्चीवर बसलो आणि लेखनिकाला म्हणालो, “दहावीच्या एखाद्या पोराची परीक्षा फी राहिली असली तर भरायची आहे. निनावी.”

लेखनिकानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “निनावी चालत न्हाई, साहेब. नाव, पत्ता, पॅन नंबर.”

“अहो, गुप्तदान आहे!”

“गुप्त असू दे की. केवायसी लागतीच.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. निनावी देणग्या मर्यादेबाहेर गेल्या तर संस्थेला कर भरावा लागतो. देणगीदाराला करसवलत हवी तर त्याची नोंद वर कळवावी लागते. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती सवलत मिळतच नाही. हे सगळे नियम मी स्वतः काउंटरवर लोकांना ऐकवत असतो, ‘साहेब, निनावी चालत नाही’ हे वाक्य याच सुरात म्हणत असतो. फोनवरून पैसे पाठवावेत तर पलीकडच्या डब्यातून बाई ओरडून आकडा सांगते. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. आता डाव्या हातात फोन असतो आणि त्याला उजव्याच्या आधी कळतं.

शेवटी तडजोड झाली. पावतीपुस्तकात माझं नाव, पत्ता, पॅन, सगळं. फळ्यावर नाही, फलकावर नाही आणि पोराला सांगायचं नाही. मी रकमेवर एक रुपया जास्त ठेवला. लेखनिक म्हणाला, “सुट्टा कशाला, साहेब? राउंड करा की.” मी म्हटलं, “तो राहू दे. तेवढीच देणगी आहे.” त्याला कळलं नाही. हेडकॅशियरना सांगितलं तेव्हा ते गालात हसले.

आता खरं सांगायचं तर इथंही माझा हिशेब पूर्ण जुळत नाही. शाळेतून बाहेर पडताना मला जे बरं वाटलं, ते त्या पैशांत विकतच घेतलं की मी! तीस वर्षांची उधारी थोडी फिटल्याचं समाधान, सौ.ला सांगून भाव खायचा मोह, जो मी संध्याकाळपर्यंतसुद्धा आवरला नाही. आणि आता हा लेख, म्हणजे तर पात्यावर लाल रंगात नाव रंगवून घेण्यासारखंच झालं. मग मुलीच्या शाळेला दिली ती खरेदी आणि इथं दिलं ते दान, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? दोन्हीकडे मला काहीतरी मिळालंच.

खूप विचार केला. फरक एवढाच सापडला की एकीकडे पैसे मी भरले आणि माल माझ्याच घरी आला. दुसरीकडे पैसे मी भरले आणि माल एका अनोळखी घरी गेला. माझ्या वाट्याला नुसती पावती आली. देणाऱ्याचं मन शुद्ध होतं की नाही हे ऑडिटरलाही सांगता येणार नाही. पण माल कुठल्या पत्त्यावर उतरला, हे तपासता येतं. ज्यानं १९९६ साली माझी फी भरली, त्याचं मन शुद्ध होतं की त्याला तेव्हा मोठेपणा वाटला, याच्याशी मला आज काय करायचंय? मी परीक्षेला बसलो.

कन्येला हे सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, “बाबा, मग तो मुलगा थँक्यू कुणाला म्हणणार?”

मी म्हटलं, “बघू.”

पुढच्या आठवड्यात पेठेतून जात होतो. शाळेच्या गणवेशातलं एक पोरगं समोरून आलं आणि म्हणालं, “नमस्कार काका.” माझ्या छातीत धस्स झालं. फुटलं वाटतं! लेखनिकानं सांगितलं असणार. कसनुसं हसून मी पुढं सटकलो आणि कोपऱ्यावर जाऊन हळूच मागं वळून पाहिलं. पोरगं पानपट्टीवाल्याला नमस्कार करत होतं. तिथून पुढं चप्पलवाल्याला. तिथून पुढं दारात लसूण सोलत बसलेल्या एका म्हातारीला.

ते तेच पोरगं होतं असं नाही. एखाद्या चांगल्या घरातलं, वळण लागलेलंही असेल.